जुन्या गाडीचा स्टिरिओ घरीच बदला, पण कंपनीची वायर कापू नका

दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीचं इंजिन ठणठणीत असतं, एसी गार करतो, पण स्टिरिओने मान टाकलेली असते. डिस्प्लेवर आकडे दिसत नाहीत, आत गेलेली सीडी बाहेर येत नाही आणि फोन जोडायची सोय तर तेव्हा नव्हतीच. अशा वॅगनआर, इंडिका, सँट्रो, बोलेरो आपल्या विदर्भात तालुक्या-तालुक्याला धावतात. त्यांना नवा स्टिरिओ बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते घरच्या अंगणात होतं.

ज्यांनी मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम, अँपिअर मोजायचं यंत्र) कधी हातात धरलेला नाही त्यांनाही जमेल अशा बेताने लिहितो आहे. एका गोष्टीबद्दल मात्र मी हट्टी आहे. कंपनीने गाडीत दिलेली वायर आणि तिच्या टोकाचा कपलर, म्हणजे प्लग, कापायचा नाही. दुकानात घाईच्या वेळी कपलर छाटून टाकतात, उघड्या तारांना पीळ देतात आणि वरून चिकटपट्टी गुंडाळतात. दुकानातून निघताना गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूश होतं. पुढे मे महिना येतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे त्याहून कितीतरी जास्त तापतं. चिकटपट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी घसरते, तांबं उघडं पडतं. त्यात पांदणीच्या रस्त्याचे हादरे. मग एक दिवस फ्यूज उडतो, किंवा उडायला हवा तेव्हा उडत नाही आणि वायर जळते. जुन्या गाडीचा डॅश उघडून असा जोड हातात घेऊन पाहा: काळी पट्टी बोटाला डिंकासारखी चिकटते आणि आतला पीळ नुसता ओढला तरी सुटतो.

घ्यायचा कोणता

माझं मत स्पष्ट आहे. गावात वापरायच्या जुन्या गाडीला साधा, सीडी नसलेला, ब्लूटूथ, यूएसबी आणि रेडिओ असलेला एक डिन मापाचा स्टिरिओ सगळ्यात चांगला. मोठ्या पडद्याचे अँड्रॉइड स्टिरिओ दिसायला देखणे असतात. पण त्यातले स्वस्तातले उन्हात तापले की अडखळतात, सुरू व्हायला वेळ घेतात आणि गाडी उभी असतानाही बॅटरी पीत राहतात. नकाशा फोनवर दिसतोच. गाडी रोज चालत असेल, मागचा कॅमेरा हवाच असेल, तर पडदा घ्या. पण नावाजलेल्या कंपनीचा आणि बिलासकट घ्या.

मापं दोनच आहेत. एक डिन म्हणजे समोरून साधारण 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच. दोन डिन म्हणजे तेवढीच रुंदी आणि 100 मिलिमीटर उंची. जुन्या गाड्यांत बहुधा एक डिनचीच जागा असते, खाली किंवा वर एक कप्पा. काही गाड्यांत, उदाहरणार्थ आय-टेनच्या वरच्या मॉडेलमध्ये, स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो. तो काढला की वेडंवाकडं भगदाड उरतं. अशा गाडीला त्याच मॉडेलची फ्रेम लागते. दुकानात गाडीचं नाव, वर्ष आणि मॉडेल तिन्ही सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीचा डॅशबोर्ड मध्येच बदललेला असतो. खोलीही मोजा. सीडी नसलेले स्टिरिओ आखूड असतात आणि मागे वायरिंगला जागा राहते, हा त्यांचा आणखी एक फायदा.

खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ छापलेलं असतं. ते वाचून भुलू नका. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण 14.4 व्होल्ट असतात. तेवढ्यावर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त 26 वॅट देता येतात, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात 20 च्या आसपास मिळतात. 50 हा आकडा आवाज पूर्ण फाटलेला असताना येतो. म्हणून दोन स्टिरिओंमध्ये निवड करताना वॅट सोडा, बटणं बोटाला नीट लागतात का आणि उन्हात डिस्प्ले वाचता येतो का ते बघा.

स्टिरिओसोबत आणखी एक वस्तू न विसरता घ्यायची: तुमच्या गाडीच्या प्लगला जुळणारा वेगळा कपलर. एका बाजूने तो गाडीच्या मूळ प्लगमध्ये बसतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या मोकळ्या वायरी नव्या स्टिरिओच्या वायरींना जोडायच्या असतात. मारुतीचा वेगळा, ह्युंदाईचा वेगळा, टाटाचा वेगळा. तालुक्याला मिळाला नाही तर अमरावती-नागपूरच्या कार डेकोरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. हा मिळेपर्यंत काम सुरूच करू नका. अँटेनाची पिन जुळते का तेही विचारा; नाही जुळली तर छोटा अडॅप्टर मिळतो.

हत्यारं

10 नंबरचा पाना, चौफुलीचा एक मोठा आणि एक बारका पेचकस, डॅशबोर्डची प्लास्टिकं उचकटायला प्लास्टिकच्याच पट्ट्या (नसतील तर पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळा), वायर सोलायची पक्कड, क्रिंपिंगची पक्कड (जोड दाबून पक्का करायची), योग्य मापाचे बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं जोडायच्या धातूच्या नळ्या), हीट श्रिंक नळी (ऊब लागली की आवळणारी), केबल टाय आणि कापडी वायरिंग टेप. आणि मल्टिमीटर. काहीशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मीटर पुरतो. टेस्टरने किंवा अंदाजाने काम भागवू नका. हे काम मीटरशिवाय करायचं असेल तर सरळ दुकानातच जा.

सोल्डर की क्रिंप? चांगला केलेला सोल्डरही टिकतो, पण सोल्डर जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. शिवाय अर्ध्या कामात लाइन गेली तर सोल्डरिंग आयर्न हातात धरून बसावं लागतं. नीट पक्कडीने दाबलेला क्रिंप मला आपल्या रस्त्यांसाठी जास्त भरवशाचा वाटतो.

खोलण्याआधी

सकाळी लवकर, गाडी सावलीत लावून सुरुवात करा. उन्हात प्लास्टिक मऊ पडतं, काढलेले स्क्रू हाताला चटके देतात. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात उलट होतं: जुनं प्लास्टिक ठिसूळ होऊन क्लिपा तुटतात, तेव्हा गाडीला थोडं ऊन लागू द्या.

जुना स्टिरिओ अजून थोडाफार चालत असेल तर चारही स्पीकर एकेक करून वाजवून बघा. कोणता आधीपासूनच बंद आहे हे आत्ता कळलं तर नंतर आपल्या वायरिंगवर संशय येत नाही. पार्किंग लाइट लावल्यावर जुन्या स्टिरिओची बटणं उजळतात का, स्टिअरिंगवर आवाजाची बटणं असतील तर चालतात का, तेही पाहा. काही गाड्यांचा मूळ स्टिरिओ बॅटरी काढली की कोड मागतो. तो पुन्हा कधी लावायचा विचार असेल तर कोडचं कार्ड आधी शोधा.

आता चावी बंद करून बॅटरीचं वजा टोक सोडवा. आधी वजा, नंतर गरज पडली तरच अधिक. वजा जोडलेलं असताना अधिक टोकावरचा पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी पडते, आणि बॅटरीजवळचा वायू पेट घेऊ शकतो. गाडीत एअरबॅग असेल तर वजा काढल्यावर काही मिनिटं थांबा. डॅशच्या आत पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना मीटरही लावू नका.

स्टिरिओ बाहेर काढणे

दोन प्रकार आहेत. एक, स्टिरिओभोवतीची प्लास्टिकची पट्टी उचकटली की आत बाजूला स्क्रू दिसतात. पट्टीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करा, एक क्लिप सुटली की बोट आत घालून पुढची सोडवा. जोर लावावा लागत असेल तर कुठेतरी लपलेला स्क्रू राहिला आहे: ॲशट्रे काढून, कप्प्याच्या आत, एसीच्या जाळीच्या मागे बघा. धोक्याच्या दिव्याचं बटण त्याच पट्टीवर असेल तर तिला झटका देऊ नका, मागे वायर असते.

दुसरा प्रकार बाहेरून लावलेल्या जुन्या स्टिरिओचा. तो पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेला असतो आणि दोन बाजूंच्या फटींत चपट्या किल्ल्या घातल्या की सुटतो. किल्ल्या हरवल्या असतील तर पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या चालतात. पिंजरा काढायचा तर त्याचे आत वाकवलेले पत्र्याचे कान सरळ करायचे.

स्टिरिओ थोडा पुढे आला की फोनने मागचे फोटो काढा, मगच प्लग सोडवा. प्लगची खुंटी दाबून प्लग ओढायचा, वायर धरून ओढायची नाही.

कोणती वायर कशाची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बाजारातल्या बहुतेक नव्या स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे चावीचा करंट, काळी म्हणजे अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेलं वजा. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरसाठी, नारिंगी किंवा नारिंगी-पांढरी पार्किंग लाइटची. स्पीकरच्या जोड्या अशा: पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर वजा. तरी स्टिरिओसोबतचा कागद बघाच.

गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे असतात. गाडीतली लाल वायर ही स्टिरिओच्या लाल वायरीची जोडीदार असेलच असं नाही, आणि आधीच्या मालकाने काही उलटसुलट केलं असेल तर कंपनीचा तक्ताही उपयोगाचा नाही. म्हणून रंग पाहून जोडायचं नाही, मीटरने तपासून जोडायचं. तपासलेल्या प्रत्येक वायरीवर कागदी पट्टी चिकटवून त्यावर लिहायचं.

सुरुवात अर्थिंगने करा. बॅटरी सुटलेलीच असू द्या. मीटर ओहमवर ठेवा, एक टोक गाडीच्या बिनरंगाच्या धातूला, दुसरं प्लगच्या एकेका पिनला. जिथे जवळपास शून्य ओहम येतात ती अर्थिंग. एखादी वायर बल्बमधून किंवा दुसऱ्या उपकरणातून फिरूनही कमी ओहम दाखवू शकते, म्हणून सगळ्यात कमी आकडा कुठे येतो ते पाहा.

मग प्लगच्या पिना कुठे टेकत नाहीत याची खात्री करून बॅटरीचं वजा टोक पुन्हा लावा. मीटर डीसी 20 व्होल्टवर. काळं टोक अर्थिंगला धरा आणि लाल टोकाने पिना तपासा. चावी बंद असताना जिथे 12 च्या वर व्होल्ट दिसतात ती कायमची वायर; तिथे तुमची पिवळी. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर जिथे व्होल्ट येतात आणि चावी बंद केल्यावर जातात, तिथे लाल. पार्किंग लाइट लावल्यावर जागी होते ती नारिंगीची. झालं की बॅटरी पुन्हा सोडवा.

लाल-पिवळीचा घोळ सगळ्यात जास्त होतो. अदलाबदल झाली तर चावी बंद करताच स्टिरिओ घड्याळ आणि लावलेली स्टेशनं विसरतो. चावीचा करंट सापडला नाही म्हणून दोन्ही वायरी एकत्र करून कायमच्या करंटला जोडल्या, तर स्टिरिओ हाताने बंद करावा लागतो. एक दिवस विसरलं की सकाळी गाडीला धक्का. चावीचा करंट प्लगमध्ये नसेल तर सिगरेट लायटरच्या सॉकेटमागे बघा. पण तिथेही मीटर लावून खात्री करा, कारण काही गाड्यांत त्या सॉकेटला करंट कायमचा असतो.

स्पीकरच्या वायरी

एक मीटर आणि एक पेन्सिल सेल एवढ्यावर हे काम होतं. स्पीकरच्या दोन वायरींत मीटर साधारण 3 ते 4 ओहम दाखवतो. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर चारपेक्षा थोडा कमीच दिसतो. काहीच दाखवत नसेल तर वायर तुटलेली आहे, बहुधा दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबराच्या नळीत, कारण तिथे ती रोज वाकते. आणि स्पीकरची कोणतीही वायर बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये. दिसली तर आधी तो दोष काढा.

आता दीड व्होल्टचा सेल घेऊन जोडीला क्षणभर टेकवा. ज्या दारातून ‘खट्’ असा आवाज येतो ती त्याची जोडी. कोणाला तरी त्या स्पीकरच्या जाळीवर टॉर्च मारून स्पीकरचा आतला पडदा पाहायला सांगा: सेलचं अधिक टोक ज्या वायरीला लावल्यावर पडदा बाहेर येतो, ती वायर अधिक. पोरांना हे काम फार आवडतं, आणि पुढच्या वेळी तीच हे करतील. चारपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तरी स्टिरिओ बिघडत नाही, पण ढोलकीचा ठोका पोकळ लागतो आणि लोक नाहक स्पीकरला दोष देतात.

फार जुन्या गाड्यांत स्पीकरची वजा वायर सरळ बॉडीला जोडलेली असायची. आजचा स्टिरिओ तसा चालत नाही. त्याच्या अधिक आणि वजा दोन्ही वायरींत करंट खेळतो, म्हणून वजा बॉडीला लागली तर आतली चिप जळू शकते. अशी गाडी असेल तर स्पीकरपर्यंत नवी दुहेरी वायर ओढा. कष्टाचं आहे, पण त्याला पर्याय नाही.

जोड टेबलावर करायचे

नवा कपलर आणि स्टिरिओची वायर घरात घेऊन जा. जोड गाडीत बसून, मान वाकडी करून करायचे नाहीत. एलपीजी-सीएनजीच्या गाडीत तर आत लायटर पेटवायचाच नाही.

एकेक वायर घ्या. आधी हीट श्रिंकचा तुकडा तिच्यावर सरकवून ठेवा, जोड झाल्यावर तो आत जात नाही. टोक साधारण पाऊण सेंटिमीटर सोला, तारांना हलका पीळ द्या, बट कनेक्टरमध्ये पूर्ण आत घाला, पक्कडीने दाबा, दुसऱ्या बाजूनेही तेच. मग दोन्ही वायरी धरून जोराने ओढा. सुटला तर तो जोड झालाच नव्हता. हीट श्रिंक वर आणून लायटरच्या ज्योतीच्या वरच्या ऊबेने सगळीकडून आवळू द्या. ज्योत थेट लावली तर तो काळा पडून चिरतो. सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, मागेपुढे ठेवा, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि एखादा उघडला तरी शेजाऱ्याला टेकत नाही. शेवटी पूर्ण वायरीवर कापडी टेप गुंडाळा. न वापरलेल्या वायरींची टोकंही वेगवेगळी झाका. निळी-पांढरी उघडी राहून पत्र्याला लागली तर नवा स्टिरिओ पहिल्याच दिवशी गप्प होऊ शकतो.

पिवळ्या वायरीवरचा किंवा स्टिरिओच्या पाठीवरचा फ्यूज 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. तेवढाच ठेवायचा. उडाला तर कारण शोधा. त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे वायरच फ्यूज बनवणं, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते.

बसवण्याआधी वाजवून बघा

कपलर गाडीच्या प्लगला, वायर स्टिरिओला, अँटेना जागेवर. स्टिरिओ सीटवर कापडावर ठेवा, मग बॅटरी जोडा. चावीने चालू-बंद होतो का? घड्याळ लावून चावी काढा, दोन मिनिटांनी पुन्हा लावा, वेळ टिकली का? आवाजाचा समतोल एकेका कोपऱ्याकडे नेऊन प्रत्येक स्पीकर आपल्या जागीच बोलतो का? फोनवरून एक कॉल लावा, समोरच्याला नीट ऐकू येतं का? हे सगळं पट्ट्या लावण्याआधी.

रेडिओ लागत नसेल तर हात सेटिंगकडे वळवा. बाहेरून आलेले अनेक स्टिरिओ अमेरिकेच्या प्रदेशावर ठेवलेले असतात. तिथे एफएमची स्टेशनं 100.5, 100.7 अशी विषम दशांशावरच असतात आणि एएम 10 किलोहर्ट्झच्या पायरीने सरकतं. नागपूरची विविध भारती 100.6 वर आहे आणि नागपूर आकाशवाणी 585 किलोहर्ट्झवर. दोन्हींवर तो स्टिरिओ कधी थांबणारच नाही. मेनूत रेडिओचा प्रदेश भारत किंवा आशिया करा, तो नसेल तर युरोप चालतो. आपल्याकडे एएमची पायरी 9 किलोहर्ट्झची आहे. एएम ऐकणारे असाल तर स्टिरिओत एएम आहे का हे घेतानाच विचारा, हल्ली कित्येकांत नसतं.

प्रदेश बरोबर असूनही स्टेशनं खरखरत असतील तर अँटेना पाहा. छतावरच्या काही अँटेनांत छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला निळ्या वायरीने करंट द्यावा लागतो. ती जोडायची राहते आणि मग लोक म्हणतात, “भाऊ, जुन्यात लागत होतं, ह्याच्यात काऊन नाही लागून राह्यलं?” दुसरं कारण लायटरमध्ये खोचलेला स्वस्त मोबाइल चार्जर. काढून बघा, खरखर गेली तर चार्जर बदला.

पेनड्राइव्ह वाचत नसेल तर तो एफएटी-32 मध्ये फॉरमॅट करा. 32 जीबीचा पेनड्राइव्ह बिनतक्रार चालतो आणि त्यात भजनं, पोळ्याच्या झडत्या, झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी असं घरातल्या सगळ्यांचं मावतं.

जागेवर बसवणे

आपल्या रस्त्यांवर स्टिरिओ फक्त समोरच्या पिंजऱ्यावर लटकत ठेवला तर काही महिन्यांत खडखड सुरू होते. पिंजऱ्याचे कान नीट वाकवा आणि स्टिरिओच्या पाठीमागे बोल्ट असेल तर तिथे भोकांची पत्र्याची पट्टी लावून मागच्या धातूला आधार द्या. वायरींचा गुच्छ बाजूच्या पोकळीत सरकवा, केबल टायने बांधा, मध्ये फोमचा तुकडा घाला. स्टिअरिंगचा दांडा, हीटरची तार, ब्रेकचं पेडल यांच्या वाटेत वायर येता कामा नये. स्टिरिओ आत ढकलताना अडला तर जोर नको. बाहेर काढा, वायर हलवा, पुन्हा घाला.

पडद्याचा स्टिरिओ असेल तर त्याची हँडब्रेकची वायर खऱ्या हँडब्रेकच्या स्विचलाच जोडा. ती सरळ अर्थिंगला लावली की गाडी चालू असतानाही पडद्यावर सिनेमा चालतो, आणि संध्याकाळी रस्त्यात बैलगाडी किंवा गुरं आली तर ड्रायव्हरचे डोळे तिकडे असतात.

बॅटरी कोण पितं

शहरातली गाडी रोज चालते, गावातली गाडी कधीकधी आठवडी बाजाराला किंवा लग्नाला निघते. म्हणून ही तपासणी आपल्याकडे जास्त महत्त्वाची, आणि हीच कोणी करत नाही.

सगळं बसवून झालं, चावी काढली, दारं लावली. बॅटरीचं वजा टोक सोडवा. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला, एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीला आणि दुसरं सोडवलेल्या केबलला लावा. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातो आहे, म्हणून या अवस्थेत चावी फिरवायची नाही, दार उघडायचं नाही आणि स्टार्टर तर मारायचाच नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा. आकडा 0.05 अँपिअरच्या, म्हणजे 50 मिलिअँपिअरच्या आत आला तर उत्तम. 0.2 वर अडकला तर हिशेब करा: दिवसाला 4.8 अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाड्यांत 35 अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे आठवड्याभरात नवी बॅटरीही रिकामी, आणि जुनी तर चार दिवसांतच गाडी उचलणार नाही. असा आकडा दिसला तर स्टिरिओचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. आकडा उतरला तर दोष स्टिरिओत किंवा त्याच्या जोडणीत. अँड्रॉइड स्टिरिओत ‘झोपेची वेळ’ अशी सेटिंग असते, ती कमीत कमी करा.

मीटरचं काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. 10 अँपिअरच्या भोकात राहिलेली वायर पुढच्या वेळी बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होतो.

आवाजात शीळ येत असेल तर

इंजिनाच्या वेगासोबत चढणारी-उतरणारी शीळ आली तर दहात नऊ वेळा अर्थिंग कच्चं असतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक स्टिरिओच्या पाठीच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या वजा खुंटीला (लांब वायर लागेल). गाणं मोठ्याने चालू असताना फरक 0.1 व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा. जास्त असेल तर डॅशच्या मागे गाडीच्या धातूवर एखादा बोल्ट शोधा, तिथला रंग सँडपेपरने घासून चकचकीत करा, लग (टोकाची धातूची कडी) लावलेली काळी वायर त्याखाली घट्ट बसवा आणि वर थोडं ग्रीस लावा, म्हणजे पावसाळ्यात गंजणार नाही. ब्लूटूथवर शीळ नसेल आणि फक्त ऑक्सच्या (फोन थेट स्टिरिओला जोडायच्या) वायरीवर येत असेल, तर दोष फोनच्या चार्जरमधून येणाऱ्या अर्थिंगचा आहे, ब्लूटूथच वापरा.

गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावत असाल तर पावसाच्या तोंडी एकदा बॉनेट आणि पायाजवळची जागा पाहा. उंदीर वायर कुरतडतात. कुरतडलेली दिसली तर टेप गुंडाळून सोडू नका, तो तुकडा काढून क्रिंप आणि हीट श्रिंकने नवा जोडा.

जुना स्टिरिओ, त्याची पट्टी आणि स्क्रू एका खोक्यात ठेवा. वायर न कापल्यामुळे गाडी विकताना तो दहा मिनिटांत परत लागतो. आणि कोणत्या पिनला काय सापडलं हे एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा: पिनची जागा, गाडीच्या वायरीचा रंग, स्टिरिओच्या वायरीचा रंग, फ्यूज किती अँपिअरचा.